कंट्रोल ठीक

"आज काही सापडलं वाटतं?" दादाने विचारलं तेव्हा मी दाराशी वाकून बुटाची नाडी सोडत होते. एक हात भिंतीला टेकलेला, पिशवी अजून खांद्यावरच. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसला होता. मान वर न करता, शेंगेच्या शिवणीत अंगठा घालून दाणे वाडग्यात पाडता पाडता त्याने विचारलं, पाणी उकळलं का म्हणून विचारावं इतक्या सहज. मी म्हटलं, "का रे?" तर म्हणाला, "गुणगुणत आलीस. दोन मजले खालपासून ऐकू येत होतं." माझा हात नाडीवरच राहिला. आपण गुणगुणत होतो हे मला ठाऊकच नव्हतं. "नाही रे," मी म्हटलं, "काही नाही सापडलं." तो "बरं" म्हणाला, आणि त्याने पुढची शेंग उचलली, पण तिच्यात अंगठा घालून तो तसाच बसून राहिला. मी बूट काढले, ते नीट जोडून ठेवले, तरी दाण्यांचा आवाज येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जिना चढून कुलूप उघडेपर्यंतची दोन-तीन मिनिटं हा माणूस इथे एकटा बसून औषध सापडल्याचं सुख भोगत होता. आणि ते सुख त्याला मी दिलं होतं, काहीच सापडलं नव्हतं म्हणून गुणगुणत.

मोरीत हात धुताना मी आरशात बघायचं टाळलं. काहीच सापडलं नव्हतं हे तर खरंच. त्या दिवशी चोवीसच्या चोवीस अँटीबॉडी फुकट गेल्या होत्या. पण त्या माझ्या नव्हत्या. त्या मशीनने सुचवलेल्या होत्या. मी फक्त तपासून पाहिल्या, संध्याकाळी आकडे वाचले, सगळ्यांना एका ओळीचा निरोप पाठवला, कोट खुंटीला अडकवला आणि बसथांब्यावर आले. थांब्यावर एका बाईच्या तान्ह्या मुलाने माझं बोट धरलं तर मी चक्क दोन बस सोडल्या. घरी येताना फुलंसुद्धा घेणार होते, ती संपली होती म्हणून राहिलं. हे सगळं मला साबण लावता लावता एकेक आठवत गेलं, जसं काही दुसऱ्याच कुणा बाईबद्दल कुणी सांगत असावं. आनंद झाला होता. साधा, पोटभर आनंद. ज्या माणसाच्या अंगाची आग शमावी म्हणून मी अकरा वर्षं राबले, तो भिंतीपलीकडे मटार सोलत होता, आणि त्याचं औषध आणखी लांबणीवर पडलं म्हणून मी गाणं म्हणत जिना चढले होते.

दादाची खाज माझ्याहून थोडीशीच मोठी आहे. तो सहा वर्षांचा असताना ती आली असं आई सांगायची, जणू एखादी लांबची नातेवाईक मुक्कामाला आली आणि राहूनच गेली. मला आठवतो तो दादा पायमोजे हातात घातलेला. आई त्याच्या हातांत मोजे चढवायची आणि मनगटावर नाडीने गाठ मारायची. ती गाठ सोडून देण्यासाठी तो मला गोट्या, पेन्सिली, एकदा तर आपला कंपास द्यायला तयार झाला होता. मी सोडली नाही. आई म्हणाली होती ना, सोडायची नाही. मग तो दारांच्या चौकटीला पाठ घासायचा, आणि त्या चौकटीचा रंग बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीवर उडत गेला. दरवर्षी थोडा आणखी वर. मोठा झाला, शाळेत गणित शिकवायला लागला, तेव्हा भर उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट. मुलांनी नाव ठेवलं फुलबाही. नाव त्याला कळलं तेव्हा तो हसला, म्हणाला, यापेक्षा वाईट नाव पडू शकलं असतं. खडूच्या धुळीने बोटं चिरायला लागली म्हणून पन्नाशीतच नोकरी सोडली आणि माझ्याकडे राहायला आला. लोकांना खाज म्हणजे गंमत वाटते. ताप म्हटलं की चेहरे गंभीर होतात, दुखतंय म्हटलं की खुर्ची पुढे करतात, आणि खाज म्हटलं की हसू दाबतात. त्याच्या चादरीवरचे तांबूस ठिपके मी लहानपणापासून पाहत आलेय. लग्न त्याने का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही. एकदाच, एक मुलगी येऊन आमच्याकडे तासभर बसून गेली होती, आणि तो तासभर तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ताठ बसला होता. नंतर म्हणाला, "नको. सारखं असं बसता यायचं नाही."

म्हणून मी या कामात आले असं मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं. पण तसंच होतं. आपल्या कातडीत काही पेशी असतात, पोटात दाणे भरलेल्या. त्यांना डिवचलं की त्या दाणे बाहेर फेकतात आणि खाज सुटते. डिवचायची जागा म्हणजे त्यांच्या अंगावरचा एक रिसेप्टर, पेशीला लावलेली एक प्रकारची घंटीच म्हणा. दादासारख्यांच्या अंगात ती घंटी ऊठसूट वाजत राहते. तिच्यावर नेमकी बसणारी, तिला झाकून टाकणारी अँटीबॉडी शोधायची, एवढंच आमचं काम. सांगायला एवढंच. पण हा रिसेप्टर पेशीच्या कातडीतून सात वेळा आत-बाहेर ओवलेला असतो, दोऱ्यासारखा, आणि बाहेर त्याचं नखाएवढंही अंग दिसत नाही. धरायचं कुठे? पेशीतून उपसून काढावा तर तो गोळा होऊन पडतो, आकारच राहत नाही. आम्ही त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं. कोट्यवधी अँटीबॉडींच्या साठ्यातून गाळून गाळून मी त्याच्यापुढे नेत होते आणि घुम्या कुणालाच ओळख देत नव्हता. माझ्याबरोबर लागलेले लोक दुसऱ्या कामांवर गेले, एक जण आमचा साहेब झाला, आणि मी घुम्यापाशीच बसले. अकरा वर्षांच्या सत्तावीस वह्या. प्रत्येक पानाच्या शेवटी, माझ्या अक्षरात, "नाही." लोक मला मागून कंट्रोलबाई म्हणतात तेही त्या वर्षांतलंच. कुणी कुठलाही निकाल नाचत घेऊन आलं की मी पहिलं विचारायची, कंट्रोल कुठाय? म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना सोबत लावलास का. तो बरोबर आला का. नसेल तर तुझा निकाल कचऱ्यात टाक. नव्या मुलांना मी यावरून रडवलेलं आहे. एकाला पूर्ण महिन्याचं काम पुन्हा करायला लावलं होतं. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि अजून भेटला की नमस्कार करतो, जरा लांबूनच.

दीड वर्षापूर्वी साहेबांनी मशीन लर्निंगवाली माणसं घ्यायचं ठरवलं. माणसं म्हणजे एकच मुलगी आली. मुलगी म्हणते मी, पण पस्तिशीची, दोन चष्मे जवळ बाळगणारी, उभ्या उभ्या बिस्किटं खाणारी. अँटीबॉडी म्हणजे तिच्या लेखी अमिनो आम्लांच्या वीस अक्षरांतून ओवलेली लांबच लांब माळ. सगळा दिवस पडद्यावर त्या माळा बघत बसायची, म्हणून आम्ही तिला अक्षरवाली म्हणायला लागलो. पिपेट तिला नीट धरता येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या जुन्या वह्या मिळतील?" मी विचारलं, कोणत्या. "सगळ्या." मी म्हटलं, "अगं, त्यांत काही नाहीये. सगळं फसलेलं आहे." तर ती म्हणाली, "मला फसलेलंच हवंय. जमलेलं सगळे छापतात, ते मॉडेलने वाचलेलंच आहे. काय जमत नाही हे कुणी लिहूनच ठेवत नाही. तुम्ही ठेवलंय." चार महिने ती माझ्या वह्यांची पानं टिपत होती. मधेच अक्षर लागलं नाही की विचारायला यायची, हे सात आहे की एक, आणि मी सांगायची. मला बरं वाटत होतं की वाईट, ते मला तेव्हाही कळलं नाही. माझी सगळी "नाही" ती गोळा करत होती, एखाद्याच्या घरातली रद्दी पारखून घ्यावी तशी. मग एके दिवशी मॉडेलने दहा हजार माळा सुचवल्या. त्यांतल्या तिने गाळून चोवीस काढल्या आणि छापील कागद माझ्यापुढे ठेवला. हे सगळं व्हायला मशीनला लागले दोन दिवस. अकरा वर्षं आणि दोन दिवस. त्या चोवीस माळांच्या खऱ्या अँटीबॉडी बनवून आल्या, आणि त्या तपासायचं काम माझ्याकडे आलं.

जेवताना दादा नेहमीसारखा बोलत होता. शेजारच्यांच्या मांजराने पुन्हा पिल्लं घातली. वाचनालयातली नवी बाई पुस्तकं उलटी लावते. मी हूं हूं करत होते, आणि डोक्यात एक आकडा येऊन बसला होता. चार हजार शंभर. कुठला आकडा ते मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं मी दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी पोचले तेव्हा साहेब माझ्या टेबलाशीच उभे होते. "तुम्ही पहिल्यापासून म्हणत होता तेच खरं निघालं बाई," ते म्हणाले. "पेशींना हात लावल्याशिवाय काही कळत नाही. उद्या अकराची बैठक ठेवलीय. मॉडेलचं काम थांबवू या. त्या मुलीची मुदत महिनाअखेर संपते, ती वाढवायची नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पलीकडच्या खोलीतली एक जण कपाटापाशी येऊन कुजबुजली, "बरं झालं. फार बोलबाला चालला होता." मी तिच्याकडे बघून हसले. हसले, हे मला विसरायचं नाहीये.

मग मी वही उघडली. चाचणी साधी असते. घुम्या ज्यांच्या अंगावर आहे अशा पेशी घ्यायच्या, त्यांच्यावर चकाकता रंग लावलेली अँटीबॉडी सोडायची, धुवायचं, आणि उरलेला उजेड मोजायचा. अँटीबॉडी चिकटली असेल तर उजेड. आणि पेशींच्या अंगावर मुळात घुम्या आहे की नाही ते कळावं म्हणून आम्ही त्याच्या बाहेरच्या टोकाला एक छोटीशी शेपटी जोडून ठेवलेली असते. ती शेपटी पकडणारी तयार अँटीबॉडी मिळते. तो आमचा कंट्रोल. तिचा उजेड चाळीस हजारांच्या आसपास यायला हवा. मंगळवारी आला होता चार हजार शंभर. अगदीच शून्य नव्हता, म्हणून डोळ्यांवर आला नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण आला होता. त्या आकड्यापाशी माझं पेन थांबलं होतं. कागदावर शाईचा एक बारीक ठिपका होता, थांबलेल्या पेनाचा. त्यानंतर मी लिहिलं होतं, "कंट्रोल ठीक." निरोपातही तेच लिहिलं होतं. चोवीसपैकी शून्य, कंट्रोल ठीक. दुसऱ्या कुणी हे पान माझ्यापुढे आणलं असतं तर मी ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं.

आणि त्या पेशी. मी इनक्युबेटर उघडून भांड्यावरची माझीच चिठ्ठी वाचली. पेशी वाढून भांडं भरलं की त्या वाटून नव्या भांड्यात टाकायच्या असतात, आणि अशा प्रत्येक वाटणीला आम्ही एक पिढी धरतो. वीस पिढ्यांपलीकडे जायचं नाही हा नियम भिंतीवर लावलेला आहे, मीच लावलेला. पेशींना अंगावरचा रिसेप्टर म्हणजे ओझं. पिढ्या जातात तशा त्या तो हळूच टाकून देतात. चिठ्ठीवर आकडा होता एकतीस. फ्रीझरमधून सुरुवातीच्या पिढीच्या पेशींची नवी कुपी काढून त्या जाग्या करायला दोन आठवडे लागले असते. मशीनच्या यादीसाठी कशाला दोन आठवडे घालवा, असं मनात आलं होतं का? तसंही म्हणता येत नाही. मनात काहीच आलं नव्हतं. हात त्या भांड्याकडे गेला, एवढंच. माझ्या स्वतःच्या अँटीबॉडींसाठी तो एकदाही गेला नसता. मी मुद्दाम केलं असतं तर निदान काय केलं ते सांगता आलं असतं. हे म्हणजे आपल्याच घरात पाठीमागच्या दाराने कुणी शिरावं आणि आपल्या हाताने काम करून निघून जावं. मी त्या इनक्युबेटरच्या काचेपाशी बराच वेळ उभी होते. त्या भांड्यातल्या पेशी गुबगुबीत, तुकतुकीत, मजेत दिसत होत्या. अंगावर काही नसलं की तसंच दिसत असावं.

आता यात कुणाला काय कळणार होतं? कुणालाही नाही. वही माझी, पेशी माझ्या, कंट्रोलबाईला कंट्रोल विचारणार कोण. भांडं त्याच दुपारी निर्जंतुक करून टाकून दिलं असतं तर पुरावाही राहिला नसता. शिवाय त्या चोवीसांत काही असेलच असं कुठे होतं? बहुतेक नसेलच. अकरा वर्षांत नव्हतं. अशी मी स्वतःशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात अक्षरवाली आली. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा. बैठकीचं तिला कळलं होतं हे तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. ती म्हणाली, "मॅडम, कालचे सगळे आकडे मला द्याल? उद्याच्या आधी मॉडेलला देऊन टाकते." मी विचारलं, कशाला. म्हणाली, "शिकवायला. हे चोवीस चूक आहेत हे त्याला कळलं पाहिजे ना. म्हणजे पुन्हा तो या बाजूला जाणार नाही. माझ्यानंतर कुणी आलंच हे चालवायला, तर त्यांना तरी उपयोग होईल." माझं "ठीक" आता कागदावर राहणार नव्हतं. ते मशीन शिकणार होतं. उत्तर जर त्या चोवीसांत असेल, तर तिकडे पाठ फिरवायला ते शिकणार होतं, कायमचं, माझ्या शब्दाखातर. माझी सत्तावीस वह्यांतली खरी "नाही" आणि ही एक खोटी, त्याला सारखीच. "उद्या देते," मी म्हटलं. ती बरं म्हणून गेली. जाताना दाराशी वळून म्हणाली, "तुमचं अक्षर आता मला लागायला लागलं होतं."

संध्याकाळी दादा खिडकीशी बसून नखं घासत होता. हे त्याचं रोजचं, दाढीसारखं; कडा एवढीही राहू द्यायची नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. अगदी क्रमाने, कारण त्याला क्रमाने लागतं. पिढी एकतीस, चार हजार शंभर, ठीक. साहेबांचं थोपटणं. मग म्हटलं, "काल मी गुणगुणत होते ना, ते त्याचंच. मशीन हरलं म्हणून मला आनंद झाला होता." तो नखं घासायचा थांबला नाही. घासता घासताच म्हणाला, "किती उशीर झाला असता?" मी म्हटलं, "असलं काही त्यात, तर कदाचित कायमचा." त्याने कानस खाली ठेवली. उठून गॅलरीत गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. शर्टाच्या आत त्याचे खांदे हलत होते. रडत होता की खाजवत होता ते मला मागून कळत नव्हतं, आणि उठून पुढे जाऊन बघायचा मला धीर होत नव्हता. माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो माझ्यावर रागावला होता तो एकदाच, कंपासाच्या वेळी, गाठ सोडली नाही तेव्हा. तो आत आला तेव्हा त्याच्या मानेवर ताजा ओरखडा होता. म्हणाला, "बैठक कितीची?"

"अकराची."

"मग सकाळी सातची बस धर. आधी त्या मुलीला सांग. सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा ऐकायला लागू नये तिला." आणि मग, स्वयंपाकघराकडे जाता जाता, "रागावलोय मी. पण ते नंतर बघू."

अक्षरवाली साडेआठला येते. मी तिच्या खोलीत तिच्याच खुर्चीशेजारी उभी होते. मी सांगत असताना ती कोट काढत होती आणि एक बाही काढून झाल्यावर तशीच थांबली. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखी हसेल, निदान बरं झालं म्हणेल. ती म्हणाली, "मी काल आईला फोन करून सांगितलं, मी परत येतेय म्हणून. आई म्हणाली, जाऊ दे, तुला ते जमण्यासारखं नव्हतंच." मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "तुमचं चुकू शकतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. रात्रभर मी माझंच तपासत होते." तिचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिने दुसरी बाही काढली, कोट खुर्चीला टांगला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नवी कुपी कधी काढायची?" मी म्हटलं, "आत्ता." बैठकीत मी उभी राहून सांगितलं. खोलीत नऊ माणसं होती. साहेब पेनाचं टोपण उघडझाक करत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं बाई." दोन आठवडे दिले. माझ्या प्रत्येक आकड्याखाली यापुढे दुसऱ्या कुणाची सही लागेल असं ठरलं. मी मान हलवली. ज्या मुलाला मी महिन्याचं काम पुन्हा करायला लावलं होतं, तो समोरच बसला होता. त्याने नजर खाली घातली, माझी लाज त्यालाच वाटावी तशी.

ते दोन आठवडे मी पेशींच्या तंत्राने जगले. गोठलेली कुपी मुठीत धरून वितळवायची, पेशी नव्या भांड्यात सोडायच्या, आणि रोज सकाळी जाऊन बघायचं. आधी त्या गोल, बावरलेल्या, काही मेलेल्या. मग एकेक तळाला पाय रोवते, लांबट होते, शेजारणीला शिवते. अक्षरवाली रोज येऊन माझ्या मागे उभी राहायची. आमचं बोलणं कामापुरतंच व्हायचं. पाचव्या दिवशी तिने विचारलं, यांना खायला काय देता, आणि मी सांगितलं, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. घरी दादाचा राग "नंतर बघू" वरच थांबला होता. तो मांजराच्या पिल्लांचं सांगायचा, पण ताटात वाढताना माझ्याकडे बघायचा नाही. मी त्याला घाई केली नाही. मनात मात्र रोज एक गोष्ट यायची आणि मी तिला बाहेर हाकलायची: पुन्हा शून्य आलं तर? तर मी सुटणार होते, चूक निरुपद्रवी ठरणार होती, आणि दादाला काहीच मिळणार नव्हतं. मला नक्की काय हवंय हे मी रोज सकाळी स्वतःला विचारून बघायची, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. दहाव्या दिवशी केव्हातरी, भांडी धुता धुता, उत्तर आलं. औषध यावं असं वाटत होतं. कुणाचंही असो, पण यावं. मी खूप वेळ तशीच नळाखाली हात धरून उभी होते, खात्री करून घेत.

पेशी सहाव्या पिढीला तयार झाल्या. कंट्रोल आला एकेचाळीस हजार. त्याखाली अक्षरवालीने सही केली. मग एकेक करत चोवीस. पहिल्या सहा काहीच नाहीत. सातवी अर्धवट. मग पुन्हा काही नाही, काही नाही, आणि सतरावीला आकडा आला एकोणतीस हजार. मी तो लिहून पुढे गेले. एकविसावीलाही आला, थोडा कमी. अक्षरवालीने माझ्या कोटाची बाही धरली होती, आणि ते तिला कळलेलं नव्हतं. घुम्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी ओळख दिली होती. पण नुसतं चिकटून भागत नाही. घंटी झाकली जाते का तेही बघायला हवं. म्हणून चार दिवसांनी आम्ही खऱ्या, दाणे भरलेल्या पेशी घेतल्या, कातडीतल्या असतात तशा, आणि सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसलो. एका तबकडीत नुसत्याच पेशी, दुसरीत सतरावी घातलेली. दाण्यांना हिरवा रंग दिलेला. पहिल्या तबकडीत मी डिवचणारं द्रव्य सोडलं, आणि अर्ध्या मिनिटात पेशींच्या कडा फुटल्या, हिरवे ठिपके चहूकडे उधळले. अक्षरवालीने हे कधी पाहिलेलं नव्हतं. ती पुटपुटली, "हीच का खाज?" मी म्हटलं, "हीच." मग दुसऱ्या तबकडीत तेच द्रव्य, तेवढंच. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. पेशी जशा होत्या तशा, दाणे पोटात घेऊन, शांत. मी द्रव्य पुन्हा सोडलं, दुप्पट. काही नाही. आम्ही वीस मिनिटं त्या खोलीत शेजारी शेजारी बसून, काही होत नाहीये ते बघत होतो. मधेच तिने बिस्किटाचा पुडा काढला आणि एक माझ्यापुढे धरलं. त्या खोलीत खायला सक्त मनाई आहे. मी ते घेतलं, आणि बाहेर येईपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

घरी गेले तेव्हा उजेड होता. दादा टेबलाशी कुणाच्या तरी मुलीच्या गणिताच्या वह्या तपासत होता. मी बसले आणि सांगितलं. आधी वाईट बाजू: हे अजून तबकडीतलं आहे, सतरावी माणसाच्या अंगात टिकेल का, तिने दुसरं काही बिघडेल का, कुणालाच माहीत नाही, सगळं सुरळीत झालं तरी दहा वर्षं, लागली तर बारा. त्याने हिशेब केला. "म्हणजे मी सत्तरीचा," तो म्हणाला. "चालेल." बऱ्याच दिवसांनी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग वही मिटून बाजूला ठेवली. "दिसलं कसं ते सांग," म्हणाला. मी पहिली तबकडी सांगितली, फुटलेल्या कडा, उधळलेले हिरवे ठिपके. तो मान हलवत होता, ओळखीच्या गावाचं वर्णन ऐकावं तसा. मग दुसरी. द्रव्य सोडलं आणि काही झालं नाही. पुन्हा सोडलं, दुप्पट, तरी नाही. पेशी गप्प बसून होत्या, दाणे पोटात घेऊन, एक मिनिट, पाच मिनिटं, वीस मिनिटं. त्याने डोळे मिटले होते. दोन्ही हात टेबलावर उपडे पडले होते, बोटं सैल, आणि ते हलत नव्हते. मी जितकं सावकाश सांगता येईल तितकं सावकाश सांगितलं. सांगून संपलं, आणि थोड्या वेळाने त्याचा उजवा हात उचलला गेला आणि डाव्या मनगटाकडे, बाहीच्या आत गेला. मग मी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून सांगायला लागले.